बहावा पुसताना

शलाका गिजरे बरेच आठवडे एकच शब्द पुसत होती: बहावा.

उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडणाऱ्या झाडाचं हे नाव, तिने आणि उन्मेषने ऐन पंचविशीत लिहायला घेतलेल्या डेस्कटॉपचंही होतं. संगणक सुरू केला की समोर जे येतं, खिडक्या, मेनू, खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, फायलींचे कप्पे, त्या सगळ्या पसाऱ्याला मिळून डेस्कटॉप म्हणतात. बहावा मुक्त होता, फुकट होता, जुन्यापान्या मशीनवर कुरकुर न करता चालायचा आणि मराठी त्याला पहिल्या दिवसापासून येत होती. शाळांनी तो घेतला, वाचनालयांनी घेतला, ग्रामपंचायतींनी घेतला. मग एके दिवशी त्याचं नाव विकलं गेलं. ज्या कंपनीने ते घेतलं तिने बहावाला जाहिराती चिकटवल्या आणि दारं बंद केली.

कोड मात्र विकता येत नव्हता. तो पहिल्यापासून सगळ्यांचा होता. ज्यांना कंपनीचा बहावा नको होता त्यांनी जुना कोड उचलला आणि आपली वेगळी वाट धरली. या धंद्यात याला फाटा फुटणं म्हणतात. नव्या फाट्याचं नाव मतं घेऊन ठरलं: कवडसा. कंपनीशी करार झाला की कोड तुमचा, नाव आमचं. ठरलेल्या तारखेच्या आत तुमच्या घरातून आमचं नाव गेलं पाहिजे.

ऐकायला सोपं होतं. शब्द शोधा, शब्द बदला. पण नाव एका जागी एक काम करत नाही. काही ठिकाणी ते दारावरच्या पाटीसारखं होतं, ते काढायला अडचण नव्हती. काही ठिकाणी ते पत्ता होतं. प्रत्येकाच्या मशीनमध्ये त्याची सगळी मांडणी 'बहावा' नावाच्या कप्प्यात होती. पत्ता बदलला आणि सामान हलवायचं राहिलं, तर एखाद्या शाळेत सकाळी मशीन उघडल्यावर सगळं कोरं दिसणार. काही ठिकाणी ते श्रेयात होतं, आणि मूळ कोणी लिहिलं ते पुसायला मुक्त परवानाच परवानगी देत नव्हता. आणि काही ठिकाणी नुसती गंमत होती. धारवाडच्या कुणीतरी एक चिवट दोष दुरुस्त केल्यावर कोडमध्येच लिहून ठेवलं होतं, 'आज बहावा फुलला.'

कोड लिहिणारे प्रोग्रॅम आता घरोघरी होते. त्यांनी हे बदल एका दुपारीत करून दिले. पण मशीनच्या कामावर माणसाची सही हवी, हा एव्हाना सगळीकडचा कायदा झाला होता. करारातही तेच होतं. म्हणून सांगलीत विश्रामबागेच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात बसून शलाका एकेक जागा बघत होती. बरोबर. पुढे. बरोबर. पुढे. हे चुकलं. पुढे. डोळ्यांची आग व्हायची. जेवायला बसली तरी ताटातल्या भाजीवर तिला अक्षरं दिसत. 'आज बहावा फुलला' पाशी ती थांबली, ओळ खोडली, आणि उठून उगाचच बाल्कनीत जाऊन आली.

त्याच दुपारी इम्तियाजचा फोन आला. इम्तियाज मणेर कोल्हापूरचा. वकिली सोडून कोडमध्ये आला होता, त्यामुळे कवडशाचं सगळं कायदेशीर लटांबर त्याच्याकडे होतं.

"शलाका, बसलीयेस ना?"

"उभं राहायला त्राण कुठे आहे? बोल."

"कंपनीचा तपासणी प्रोग्रॅम आपल्यावरून फिरला. बाकी सगळं पास. एक जागा अडकलीये."

"कुठली फाईल?"

"फाईलमध्ये नाहीये ते. गळपट्टीच्या मॉडेलमध्ये आहे."

शलाकाने समोरचा पडदा बंद केला.

गळपट्टी हा बहावाचा सगळ्यात अभिमानाचा भाग होता. माणूस एखादा शब्द बोलायचा ठरवतो तेव्हा मेंदू घशाच्या, जिभेच्या, ओठांच्या स्नायूंना विजेचे बारीक संदेश पाठवतो. स्नायू इतके अशक्त झाले की आवाज फुटत नाही, तरी ते संदेश येतच राहतात. अगदी क्षीण, पण कातडीवर टिपता येतील इतपत. गळ्याभोवती बांधायची मऊ पट्टी ते टिपायची, मशीनमधलं मॉडेल, म्हणजे त्या संदेशांची ओळख शिकलेला प्रोग्रॅम, त्यांचे शब्द करायचं, आणि स्पीकर ते बोलून दाखवायचा. अडचण एकच होती. हे संदेश रोज सारखे नसतात. घाम येतो, पट्टी जराशी सरकते, माणूस थकतो, आजार पुढे सरकतो. म्हणून गवई आधी तंबोऱ्याशी सूर जुळवून घेतो तसं मशीनला दर वेळी आधी एक ओळखीचा शब्द लागायचा. तो शब्द काल असा उमटला होता, आज असा उमटला, म्हणजे आज सगळंच एवढ्याने खाली घ्यायला हवं, असं ते ठरवायचं. त्या जुळवणीच्या शब्दावर बाकी सगळी भाषा उभी होती. सगळ्यांना एकच शब्द दिला की एकाच्या अनुभवाचा दुसऱ्याला उपयोग होतो, म्हणून तो एकच ठेवला होता.

तो शब्द 'बहावा' होता.

"करारात 'दिसेल, ऐकू येईल किंवा उच्चारता येईल अशा कोणत्याही रूपात' असं आहे," इम्तियाज म्हणाला. "मला वाटलं, ही वकिलांची नेहमीची भाषा. त्यांचा प्रोग्रॅम स्नायूंच्या संदेशातून नाव ओळखेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तसंच ठेवलं तर?"

"तर अख्खा कवडसा बंद करतील. शाळा, वाचनालयं, सगळ्यांसकट. मी कालपासून भांडतोय, ते हलत नाहीत."

"मग गळपट्टीवाल्यांना कंपनीचा बहावा घेऊ दे."

"कंपनीने गळपट्टी काढून टाकली ना मागच्या वर्षी. वापरणारे मूठभर, म्हणाले." तो जरा थांबला. "त्यात उन्मेषही आहे. म्हणून बाकी कुणाला सांगायच्या आधी तुला फोन केला."

उन्मेष टिळेकर आणि शलाका एके काळी नवरा-बायको होते. बहावा दोघांनी मिळून लिहिला. उन्मेष बोलका, सभा गाजवणारा. शलाका खोलीत बसून दोष काढणारी. पुढे पुढे घरात दोघं असली की बोलणं फक्त कोडबद्दल व्हायचं, आणि कोडबद्दलही भांडण. कोणी कुणाला फसवलं नाही, कोणी हात उगारला नाही. एक दिवस दोघांनाही कंटाळा आला आणि त्यांनी तो एकमेकांना कबूल केला. नंतरही बहावाचं काम दोन घरांतून चालू राहिलं. मग उन्मेषच्या हातातून कप निसटायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, चेतातंतूंचा आजार आहे, स्नायू एकेक करून जातील. काही महिन्यांनी शलाकाने फोनवर बातमी वाचली: 'बहावा' हे नाव कंपनीने विकत घेतलं. नोंदणी उन्मेषच्या नावावर होती, कारण तेव्हा कुणाच्या तरी नावावर करणं भाग होतं. त्याने तिला विचारलं नव्हतं. तेव्हापासून ती त्याच्याकडे गेली नव्हती.

त्या संध्याकाळी ती गेली.

दार मंजूताईंनी उघडलं. उन्मेषची थोरली बहीण. एसटीच्या स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतरही आवाज तसाच राहिला होता.

"आलीस!" त्या म्हणाल्या. "चप्पल तिथेच काढ. तो आत आहे. दुसरीकडे कुठे असणार म्हणा."

उन्मेष खिडकीपाशी खुर्चीत होता. मान एका बाजूला आधाराला टेकलेली, हात उशीवर ठेवलेले, गळ्याभोवती करडी पट्टी. चेहरा फार उतरला होता. डोळे मात्र जुनेच होते आणि ते तिच्याकडे लागले होते. त्याच्या गळ्यात काहीतरी हलल्यासारखं झालं, जुळवणी झाल्याची खूण म्हणून पडद्यावर बहावाचा पिवळा घोस उमटला, आणि स्पीकर बोलला.

"ये. बऱ्याच दिवसांनी."

ती दचकली. हा आवाज त्याच्या जुन्या भाषणांवरून बनवला होता. त्यामुळे साधं 'ये' म्हणतानाही तो भरल्या सभागृहाला उद्देशून बोलल्यासारखा वाटत होता.

शलाकाने खुर्ची ओढली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"गळपट्टीवाले आहेत किती?" त्याने विचारलं.

"शंभराच्या आसपास."

"नवा शब्द किती जण शिकतील?"

"ज्यांचा आजार अजून फार पुढे गेलेला नाही ते शिकतील."

"आणि मी?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर एक माणूस मोटारसायकलला लाथ मारून ती सुरू करू पाहत होता.

"नाव मी विकलं," स्पीकर म्हणाला. "तू पूस."

"इतकं सोपं?" तिचा आवाज चढला. इतके दिवस तिला वाटत होतं, आपला राग थकून गेला असेल. "मला बातमीत वाचावं लागलं, उन्मेष. एक फोन नाही केलास."

"केला असता तर तू नको म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले."

"म्हणाली असतीस. आणि तुझं बरोबर असतं, म्हणून मला ऐकावं लागलं असतं." मध्ये खंड पडला. पुढचं वाक्य जमवायला त्याला वेळ लागत होता. "उपचारांना पैसे हवे होते. मला तेव्हा मरायचं नव्हतं. अजूनही नाही."

सभागृहातल्या त्या खणखणीत आवाजात ते वाक्य फार विचित्र वाटलं.

निघताना मंजूताई जिन्यापर्यंत आल्या. "मी ऐकलं सगळं," त्या म्हणाल्या. "त्याचे हात गेले, पाय गेले, गिळणं गेलं. दर वेळी मी काहीतरी व्यवस्था केली. डोळ्यांनी अक्षरं निवडायचं मशीनही आणलं होतं, पण दोन ओळी झाल्या की त्याच्या पापण्या मिटतात. हे बोलणं गेलं तर मी कशाची व्यवस्था करू?"

"मंजूताई, मी नवा शब्द शिकवून बघते."

"त्याच्या मशीनला हातच लावू नकोस ना! इथे घरात येऊन कोण बघणार आहे?"

"आणि बाकीच्यांच्या मशीनचं?"

"बाकीच्यांचं त्यांच्या घरचे बघतील. मला एकच भाऊ आहे."

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. शलाका स्कूटरवर बसली तरी ते वाक्य तिच्याबरोबर आलं. दुसऱ्या दिवशी तिने ते इम्तियाजला सांगितलं, तेव्हा तोही पटकन म्हणाला, "ठेव ना एक मशीन तसंच. मी काही पाहिलं नाही." पण ती इतकी वर्षं हेच करत आली होती, तिला पुढचं दिसत होतं. उन्मेषचा आजार थांबणार नव्हता. मॉडेल दर महिन्याला नव्याने बसवावं लागणार, आणि जुन्या बहावाला कुठलाच नवा कोड लागणार नव्हता. सहा महिने गेले असते, फार तर वर्ष. मग त्याचा आवाज तसाही गेला असता, आणि वर तिच्या खोट्या सहीचा धोका शंभर घरांवर राहिला असता.

उन्मेषला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्यासाठी खोटी सही नको. शिकव."

मग रोज संध्याकाळी शलाका तिथे जायला लागली. दिवसभर नाव पुसायचं आणि संध्याकाळी नवं नाव रुजवायचं. पडद्यावर एक सरळ रेघ असायची. उन्मेषने मनाशी शब्द म्हटला की रेघेला लाट यायची. प्रत्येक वेळी लाट सारखी आली की मशीन ती ओळखायला शिकणार.

"कवडसा," ती म्हणायची. "म्हण."

पहिल्या अक्षराला रेघ थोडी उचलायची, कारण 'क' जिभेच्या मुळाशी होतो आणि तिथले स्नायू अजून शाबूत होते. पुढे 'व'ला ओठ लागतात, 'ड' आणि 'सा'ला जिभेचं टोक. तिथे रेघ सपाट. कधी नुसती थरथर. 'बहावा'चे ओठही खरं तर केव्हाच गेले होते, पण मशीनने ते रोज थोडे थोडे जाताना पाहिले होते. उरलेल्या खुणेवरून ते समजून घ्यायचं. नव्या शब्दाचा असा काही इतिहास नव्हता.

तिने सोपे शब्द आणले. 'हो' इतका लहान पडला की मशीनला तो आणि आवंढा गिळणं सारखंच वाटलं. 'आई' दहादा दहा प्रकारे आला. 'गंगा' दोन दिवस बरा चालला, मग उन्मेषला सर्दी झाली आणि तोही गेला. मंजूताई दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या तोंडातली लाळ यंत्राने ओढून घ्यायच्या, शलाकापुढे चहा ठेवायच्या आणि न बोलता परत जायच्या. तिघंही दमून गेली होती.

"पुरे आज," एका संध्याकाळी उन्मेष म्हणाला. त्यासाठी तिला जुनं मॉडेल परत चालू करावं लागलं, आणि त्याला बहावा म्हणावं लागलं.

"आणखी एकदा करू," ती म्हणाली. "तारीख जवळ आलीय." तिने पुन्हा शिकवणीचा पडदा लावला. रेघ सपाट झाली. त्याने प्रयत्न केला. काही नाही. पुन्हा केला. काही नाही.

शलाकाने डोळ्यांवर तळवे दाबले. इतका थकवा आला होता की आता इथेच जमिनीवर आडवं व्हावं असं तिला वाटत होतं. "मंजूताईंना सांगते आजचं झालं म्हणून," ती पुटपुटली आणि उठली. पट्टीच्या चार्जरची वायर खुर्चीच्या पायाला वेढा घालून आडवी गेली होती. तिचा पाय त्यात अडकला. टेबलावरचं लाळ ओढायचं यंत्र कडेपर्यंत घसरत आलं, आणि तिने ते कसंबसं छातीशी धरलं.

यंत्र परत ठेवताना तिची नजर पडद्यावर गेली. रेघेवर एक लाट होती. उंच, स्वच्छ, दोन उंचवट्यांची. इतक्या दिवसांत तसली लाट तिने पाहिली नव्हती.

"हे काय होतं?" तिने विचारलं. "काय म्हणालास?"

शिकवणीच्या पडद्यावर त्याला उत्तर देता येत नव्हतं. तिने घाईने जुनं मॉडेल लावलं. त्याच्या गळ्यात हालचाल झाली, पिवळा घोस उमटला.

"'अगं' म्हणालो. वायर होती पायात."

शलाका खाली बसली. "परत म्हण."

तिने रेघ परत लावली. लाट आली. तशीच, दोन उंचवट्यांची. परत म्हण. परत आली. तिने त्याला थांबवलं, पट्टी सैल केली, थोडी सरकवून बांधली. लाट जरा बुटकी झाली, पण तीच.

तिच्या लक्षात यायला लागलं. अगं. एक उघडा स्वर, जिभेचं मूळ आणि नाकातून सुटणारा श्वास. ओठ नाहीत, जिभेचं टोक नाही. जे गेलं होतं त्यातलं काही या शब्दाला लागतच नव्हतं. पण 'गंगा'लाही फारसं काही लागत नव्हतं, तो का टिकला नाही? कारण 'गंगा' तो विचार करून, ताकद लावून म्हणत होता. हा शब्द त्याने म्हटला नव्हता, तो निघाला होता.

मंजूताई आवाज ऐकून आत आल्या होत्या. "मला तर ताई म्हणतो," त्या म्हणाल्या. "हे कुठून आलं?"

शलाकाने मान वर केली नाही. उन्मेषच्या उत्तरासाठी मॉडेल बदलावं लागलं.

"संसार होता तोवर रोज म्हणत होतो," स्पीकर भाषणाच्या सुरात म्हणाला. "गळ्याला सवय आहे. मला नाही."

मंजूताई हसल्या. त्यांना हसताना शलाकाने बऱ्याच वर्षांनी पाहिलं. तिला स्वतःला मात्र हसू आलं नाही. ती घरी गेली, भाताचा कुकर लावला आणि तो शिट्ट्या करत असताना ओट्याला टेकून उभी राहिली. तो शब्द मागे टाकून आपण निघून आलो होतो, आणि आता दिवसातून शंभर वेळा तो म्हणूनच त्याला पाणी मागावं लागणार. तिला ते नको होतं. त्याहून वाईट म्हणजे, त्यावर काही बोलायचा हक्क आपल्याला आहे की नाही हेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने इम्तियाजला फोन लावला.

"जुळवणीचा शब्द काढून टाकू."

"काढून? मग मशीन जुळणार कशाशी?"

"जागा ठेवू, शब्द नको. ज्याचा त्याने आणायचा. तोही अक्षरांत साठवायचा नाही, नुसती लाटेची आकृती, ती पण त्याच्याच मशीनमध्ये. आपल्याला कुणाचा शब्द काय आहे ते कळायलाच नको. कंपनीला तरी मग काय सापडेल?"

इम्तियाजने विचार केला. "पण एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडायचं ते जाईल. प्रत्येकजण एकटा पडेल, शलाका. पहिले काही आठवडे बोलणं फार चुकेल."

"चुकेल. त्यांना आधीच सांगू. आणि शब्द निवडून आणायला सांगायचं नाही. घरच्यांना सांगायचं, लक्ष ठेवा. दचकल्यावर, रागावल्यावर, हाक मारताना जे आपोआप निघतं ते पकडा."

पुढचे दिवस दोघांचेही फोनवर गेले. परभणीच्या एका निवृत्त कंडक्टरचा शब्द त्याच्या नातवाने पहिल्याच दिवशी पकडला: चला. कारवारच्या एका बाई केव्हाच मेलेल्या कुत्र्याचं नाव घेऊन मशीन जागं करायला लागल्या. सावंतवाडीच्या एका मुलीची लाट उत्तम येत होती, पण शब्द कोणता ते तिने आईलाही सांगितलं नाही. बोलणं खरंच चुकत होतं. लोक चिडत होते, रडत होते, शलाकाला रागाचे निरोप पाठवत होते. ती प्रत्येकाला उत्तर देत होती. हळूहळू चुका कमी झाल्या. दोघांना मात्र कुठलाच शब्द सापडला नाही. त्यांच्या गळ्यात आता एवढंच उरलं होतं की वर्षानुवर्षांच्या ओळखीवरच ते वाचता येत होतं. एक नगरचे मास्तर होते, एक बेळगावची बाई. शलाकाने दोन्ही घरी स्वतः फोन केला. मास्तरांच्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे मॅडम, तुम्ही तरी काय करणार." बेळगावच्या बाईंच्या नवऱ्याने फोन आपटला. शलाका त्या दिवशी दुसरं काही काम करू शकली नाही. इम्तियाजने पुन्हा एकदा कंपनीकडे त्या दोघांपुरती सूट मागितली. उत्तर आलं, अपवाद करता येत नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी तपासणी प्रोग्रॅम पुन्हा फिरला. काही सापडलं नाही. शलाकाने सही केली.

उन्मेषच्या मशीनवरचं जुनं मॉडेल पुसायला ती स्वतः गेली. त्याचं नवं मॉडेल आठवडाभर शेजारी शेजारी चालत होतं. ते अजून 'पाणी'ला कधी कधी 'आणी' म्हणायचं, पण चालत होतं.

"शेवटचं एकदा म्हणून घे," ती म्हणाली. "बहावा. मग काढते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रेघ थोडा वेळ सपाट राहिली, मग घोस उमटला.

"काढ," स्पीकर म्हणाला. "उगाच लांबवू नकोस."

तिने कळ दाबली. पडद्यावरचा पिवळा घोस गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. नवं चित्र अजून कुणी काढलेलं नव्हतं. शलाकाने पट्टी तपासली, वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. आता इथे रोज यायचं कारण नव्हतं. महिन्यातून एकदा मॉडेल बसवायचं, तेही तिच्या घरून करता येण्यासारखं होतं. तिने पिशवी उचलली. मंजूताई स्वयंपाकघरात मिक्सर लावून त्याचं जेवण पातळ करत होत्या. खिडकीतून शेजारच्या इमारतीवर पडलेलं ऊन दिसत होतं.

दारातून तिने एकदा मागे पाहिलं. त्याच्या गळ्यात काहीतरी हललं. रेघेवर लाट आली, दोन उंचवट्यांची.

"काय?" शलाका लगेच म्हणाली. मशीन जुळवून घेण्याच्या आतच तिच्या तोंडून ते निघालं होतं.

स्पीकरला एक क्षण लागला. "तुला नाही. मशीनला."

"हां." तिच्या कानशिलांवर गरम वाफ आल्यासारखं झालं. "बरं. मी निघते मग."

ती चप्पल घालायला वाकली. मागे मिक्सर थांबला होता. तिने एक पाय चपलेत सरकवला, दुसरी चप्पल उलटी पडली होती ती सरळ केली.

"शलाका," स्पीकर म्हणाला. नेहमीसारखंच, भरल्या सभागृहाला सांगितल्यासारखं. "आता तुला."

ती तशीच थोडा वेळ वाकून राहिली. मग तिने चपलेतला पाय परत काढला, आत आली, खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"बोल," ती म्हणाली.